फोंड्याच्या उकाड्यात पाच गिगाहर्ट्झ

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगांत जाऊन मेमरीचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे मेमरी जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंगं, चालू केलं, की काही मदरबोर्डांवर एक लहानशी चौकट पुढे येते. मेमरीबरोबर प्रोसेसरच्या सगळ्या कोअरचाही, म्हणजे त्यातल्या आकडेमोड करणाऱ्या भागांचाही, वेग वाढवायचा का? हो किंवा नको. प्रश्न इतक्या अदबीने विचारलेला असतो, की 'नको' म्हणणारा स्वतःलाच कद्रू वाटावा. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतून आणखी थोडं फुकटात निघत असेल, तर नको कोण म्हणणार? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी 'हो' केलेलं आहे, आणि आपण असं काही केलं होतं हे त्यातल्या निम्म्यांच्या लक्षातही नाही.

त्या 'हो'च्या मागे काय घडतं ते एका चिपवर सांगतो, कारण ती माझ्याच टेबलाखाली आहे. कोअर आय७-८७००के, २०१७ मधली, सहा कोअरची. इंटेलने तिचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ दिला आहे आणि टर्बोचा, म्हणजे वाव असेल तेव्हा चढायचा, ४.७. पण हा ४.७ एकटा कोअर राबत असतानाचा. दुसरा कामाला लागला की वेग थोडा उतरतो, आणखी लागले की आणखी उतरतो, आणि साही जुंपले की ४.३ वर येऊन थांबतो. ही उतरंड कंजूषपणाची नाही. साही कोअरची उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते, म्हणून ती आहे. बोर्डाचं 'हो' ही उतरंडच काढून टाकतं. साही कोअर ४.७ वर. खोक्यावर छापलेला ९५ वॅटचा आकडा जागच्या जागी राहतो आणि विजेचा खरा खप त्याच्या बराच पुढे निघून जातो.

याला मल्टिकोअर एन्हान्समेंट म्हणतात. २०१२ च्या आसपास बोर्डांवर ही सोय दिसू लागली. प्रत्येक कंपनीने तिला आपापलं गोड नाव दिलं, आणि एकीनेही त्या नावात ओव्हरक्लॉकिंग (चिपला ठरवून दिलेल्या वेगापुढे पळवणं) हा शब्द येऊ दिला नाही. पुढे काही बोर्डांवर तर विचारण्याचीही पद्धत राहिली नाही. सेटिंगसमोर 'ऑटो' लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ 'चालू' असा निघायचा.

असं का, हे समजायला बोर्ड विकणाऱ्याच्या जागी बसून बघावं. चार कंपन्यांचे चार बोर्ड, चारींवर तीच चिप, तीच मेमरी. परीक्षण करणारा चारही मोजतो. वेग चिपचा असल्यामुळे चारही आलेख सारखेच यायला हवेत. मग आपला बोर्ड वर कसा दिसणार? एकाने कारखान्यातून निघतानाच उतरंड काढून टाकली आणि त्याची पट्टी दोन टक्क्यांनी लांब झाली. दुसऱ्या वर्षी उरलेल्या तिघांनी तेच केलं. चिप दुसऱ्याची, वीज तुमची, कूलर तुम्ही घेतलेला, आणि आलेखात नाव बोर्डाचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

पूर्वी हे काम चोरून करायचं होतं. १९९८ मध्ये इंटेलची सेलेरॉन ३००ए नावाची स्वस्त चिप आली. चिपचा वेग म्हणजे बसचा, म्हणजे तिला बाकीच्या मशीनशी जोडणाऱ्या मार्गाचा, वेग गुणिले एक ठरलेला गुणक. तिचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३००. पण बोर्डावर बस ६६ ऐवजी १०० केली, की तीच चिप ४५० वर धावू लागे, आणि बऱ्याच चिपा निमूटपणे धावत. म्हणजे दीडपट वेग, आणि तोही त्या काळच्या महागड्या पेंटियम टू-४५० च्या मांडीला मांडी लावून. त्यानंतर दोनेक वर्षांनी इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या अॅथलॉन चिपांवर लोक शिसपेन्सिल चालवू लागले. चिपच्या वरच्या बाजूला कारखान्यात तोडून ठेवलेले बारीक पूल असत. पेन्सिलीच्या ग्रॅफाइटने ते पुन्हा जोडले की गुणकाचं कुलूप उघडे. शाळेच्या दप्तरातल्या पेन्सिलीने प्रोसेसरचा वेग वाढवलेली पिढी आज पन्नाशीच्या आगेमागे आहे आणि संधी मिळाली की ही गोष्ट सांगते. मीही सांगून घेतली.

(त्याही आधीच्या कॉम्प्युटरांवर टर्बो नावाचं बटण असे. क्लासमध्ये आम्ही ते मोठ्या श्रद्धेने दाबून ठेवत असू. त्याचं खरं काम मशीन हळू करण्याचं होतं, कारण जुने गेम आणि प्रोग्राम प्रोसेसरच्या वेगावर आपलं घड्याळ लावत आणि वेगवान मशीनवर सैरावैरा पळत. हे कळलं तेव्हा ती बटणं इतिहासजमा झाली होती.)

मग या चोरीचा रीतसर व्यापार झाला. २००८ मध्ये इंटेलने टर्बो बूस्ट आणलं: चिप स्वतःच बघणार की तापमान आणि वीज यांत किती वाव आहे, आणि तेवढा वेग चढवणार. २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीत बसचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झवर असा बांधला गेला, की तो जरा हलवला तरी बाकीच्या जोडण्या डळमळू लागत. सेलेरॉनची युक्ती संपली. ज्याला वेग वाढवायचा त्याने नावापुढे 'के' असलेली, गुणक मोकळा असलेली चिप जास्त पैसे देऊन घ्यावी. कुलूप त्यांनीच लावलं आणि किल्लीही त्यांनीच विकली. आणि किल्ली घेतलेल्या माणसाला ती फिरवायचा कंटाळा असतो हे ओळखून बोर्डवाल्यांनी ती फिरवून देणारं बटण बसवलं.

आता हे बटण नक्की काय करतं? वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, कारण ट्रान्झिस्टरना लवकर उघडझाप करायची तर ढकलणारा जोर जास्त लागतो. आणि विजेचा खप वाढतो तो वेगाच्या पटीत गुणिले व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. घोडं पेंड खातं ते या वर्गापाशी. वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज ८ टक्के चढवावं लागलं असं धरा. १.०५ गुणिले १.०८ गुणिले १.०८ करा. १.२२ येतात. पाच टक्क्यांसाठी बावीस टक्के जास्त उष्णता. शिवाय व्होल्टेज आणि तापमान दोन्ही वर असली की चिप झिजतेही लवकर.

व्होल्टेज किती लागेल हे प्रत्येक चिपचं निराळं. एकाच चकतीवर शेजारीशेजारी जन्मलेल्या दोन चिपांतली एक १.२५ व्होल्टला समाधानी असते, दुसरी १.३५ मागते. हौशी लोक याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात. हाताने ओव्हरक्लॉक करणारा माणूस आपल्या चिपची भूक शोधून काढतो: एक पायरी चढव, प्राइम९५ किंवा सिनेबेंच हे चिपवर पूर्ण भार टाकणारे प्रोग्राम लाव, टिकली तर पुढची पायरी, कोसळली तर थोडं व्होल्टेज. यात रात्री जातात. बटणवाल्या बोर्डाला एवढा वेळ नसतो. त्याचं तयार प्रोफाइल कोणाच्याही चिपवर चाललं पाहिजे, म्हणून ते सगळ्यात खादाड चिपला पुरेल एवढं व्होल्टेज सगळ्यांनाच वाढतं. तुमची चिप गुणी निघाली तरी तिला तोच डोस.

म्हणजे चिप धरायची सगळ्यात वाईट. आणि खोली धरायची सगळ्यात चांगली. ती दुसरी बाजू मला गोव्यातल्या फोंड्यात बसून जास्त दिसते.

आमच्या माडीवरच्या खोलीत मी जत्रेतल्या नाटकांची, घुमट (मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य) वाजवत म्हटलेल्या आरत्यांची आणि अधूनमधून लग्नांची रेकॉर्डिंग एडिट करतो. मे महिन्यात दुपारी या खोलीत ३३ अंश असतात आणि हवा अशी, की कपाळावरचा घाम पुसला तरी वाळत नाही. वेगाचे आलेख ज्या खोल्यांत निघतात तिथे २१-२२ अंश राखलेले असतात. कूलर, मग तो साधा पंख्याचा असो नाहीतर पाण्याच्या नळ्यांचा, चिपला खोलीपेक्षा किती अंश वर ठेवायचं एवढंच ठरवू शकतो. खोलीच्या खाली तो नेऊ शकत नाही. पूर्ण भारावर चिप खोलीपेक्षा ६० अंश वर राहत असेल, तर त्यांच्याकडे ती ८२ वर थांबते आणि आमच्याकडे ९३ वर. १०० ला ती स्वतःच वेग कापायला लागते. तिकडे अठरा अंशांची मोकळीक, इकडे सात. त्या सातातले अंश खायला पुन्हा धूळ आहेच. कोरड्या गावातली धूळ फुंकर मारली की उडते. आमच्याकडे पावसाळ्यात ती दमट होते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये पापुद्र्यासारखी बसते. गणपतीच्या आधी मी जुन्या टूथब्रशने ती खरवडून काढतो, तेव्हा निघते ती राखाडी, लोकरीसारखी घडीची पट्टी. समुद्राजवळच्या घरांत भर मिठाची: स्क्रू गंजतात, उघडं तांबं हिरवट पडतं.

घुमट वाजवणाऱ्यांना हे कोणी समजावून द्यावं लागत नाही. मडक्याच्या तोंडावर कातडं कितीही ताणून बसवलं असलं तरी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दमट हवेत ते ढिलं पडतं. मग आरतीच्या आधी ते शेक देऊन ताठ करायचं, कानाजवळ थाप मारून बघायचं, पुन्हा शेकायचं, आणि जास्त शेकलं तर फाटतं हेही ध्यानात ठेवायचं. ज्या ओसरीवर वाजवायचं तिथल्या हवेप्रमाणे ताण. दुकानदाराने लावून दिलेल्या ताणावर कोणी आरती म्हणत नाही.

बोर्डवाल्यांनाही ही अडचण ठाऊक होती. म्हणून २०१८ च्या सुमारास बटणाची पुढची पिढी आली, 'एआय' हे अक्षर कपाळी लावून. ही खरोखर हुशार आहे, तिला उगीच नावं ठेवणार नाही. चिपमध्ये कारखान्यात नोंदवलेला वेग-व्होल्टेजचा तक्ता ती वाचते आणि तुमची चिप गुणी की खादाड हे सांगते. काही दिवस तुमचं काम बघते, किती वॅटला किती तापमान चढतं हे टिपते, कूलरला गुण देते, आणि या दोन्हींवरून वेग सुचवते. आधीच्या सरसकट प्रोफाइलपेक्षा हे शंभर पटींनी बरं.

करंजाळ्याला एक मित्र आहे, जाहिरातीचे व्हिडिओ करतो. त्याच्या खोलीत सदा एसी, त्यामुळे बोर्डाने जे काही शिकलं ते २४ अंशांत शिकलं. कूलरला भरघोस गुण, वेग साही कोअरवर पाच. मित्र खूश. एका संध्याकाळी गडगडाट झाला आणि वीज गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, एसी अर्थातच नाही. खिडकी उघडली तर पाऊस आत, म्हणून बंद. खोली तापत गेली आणि दीड तासाच्या एक्स्पोर्टच्या शेवटाकडे स्क्रीन निळा. पुन्हा लावलं, पुन्हा निळा. बोर्डाच्या हिशेबात चूक नव्हती, हिशेब एसीतला होता. त्याला मी वीज गेल्यावर लावायचं दुसरं प्रोफाइल बायोसमध्ये सेव्ह करून दिलं. बहुतेक बोर्डांवर अशी अनेक प्रोफाइलं नाव देऊन ठेवता येतात. त्याने त्याला 'इन्व्हर्टर' असंच नाव दिलं आहे.

निळा स्क्रीन आला तर निदान कळतं. काहीच न येता फाइलमध्ये एक फ्रेम हिरवी निघते, ऑडिओत मधेच टक असा आवाज बसतो, तेव्हा दोष कॅमेऱ्याला द्यावा की कार्डाला यातच दुपार जाते. आरती रेकॉर्ड करताना चुकलेला ठोका आणि चिपने चुकवलेला ठोका ऐकायला सारखेच लागतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया' नावाच्या नोंदी असतात. हार्डवेअरने चूक केली आणि ती सावरून घेतली तरी तिथे ओळ पडते. वेग वाढवलेल्या मशीनवर आठवड्यातून एकदा ते पान उघडावं. एआयची पाटी लावलेलं बटण हे पान उघडून बघा असं कधी सांगत नाही.

मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकतं हे दोन प्रकरणांत जगाने पाहिलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी चिपा सॉकेटसकट जळाल्याचे फोटो फिरू लागले. लोकांनी मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे एक्सएमपीचा एएमडीकडचा भाऊ, चालू केलं होतं, बस. मेमरी वेगात स्थिर राहावी म्हणून काही बोर्ड त्यासोबत एसओसी व्होल्टेज, म्हणजे चिपमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, मुकाट्याने चढवत होते. शेवटी एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि बोर्डवाल्यांनी घाईने नवे बायोस काढले.

दुसरं प्रकरण जास्त लांबलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिपा कोसळू लागल्या. गेम सुरू होताना ग्राफिक कार्डाची मेमरी संपली असा संदेश यायचा, आणि लोक बिचारे ग्राफिक कार्ड बदलत राहायचे. आय९-१३९००के किंवा १४९००के साठी इंटेलची वीजमर्यादा २५३ वॅट; कित्येक बोर्डांवर कारखान्यातून येतानाच तिथे ४०९६ वॅट भरलेले असायचे. एवढी वीज घराच्या एका सॉकेटातून निघत नाही. त्या आकड्याचा अर्थ 'मर्यादा काढली' एवढाच. २०२४ च्या वसंतात इंटेलने बोर्डवाल्यांना आपली मूळ सेटिंगं परत लावायला सांगितली, आणि सगळ्यांनी खापर बोर्डांवर फोडलं.

पण ते तिथेच संपलं नाही. त्याच वर्षी जुलैत इंटेलने कबूल केलं, की खुद्द चिपमधला मायक्रोकोड, म्हणजे तिच्या पोटातला तिला चालवणारा प्रोग्रामच, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्याने चिपमधला घड्याळाचा ठोका वाटून देणारा भाग हळूहळू झिजत होता आणि चिपला चालायला लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकत होतं. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. झिजलेली चिप मात्र दुरुस्तीने पूर्ववत होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. वेगाच्या या शर्यतीत बोर्ड आणि चिप दोन्ही धावत होते, आणि दोघांनीही मधल्या माणसाला विचारलं नव्हतं. माझा राग ४०९६ या आकड्यावर आहे. कोणीतरी टेबलाशी बसून तो भरला असणार, आणि भरताना त्याला नक्की ठाऊक होतं की समोरचा माणूस हे पान कधी उघडणार नाही.

म्हणून हल्ली मला कोणी ओव्हरक्लॉक करून दे म्हणालं तर मी आधी उलट्या दिशेने जातो. पीएल१ आणि पीएल२ ही दोन खाती शोधायची, म्हणजे सतत किती वॅट आणि थोड्या वेळासाठी किती वॅट, आणि तिथे आपल्या कूलरला मे महिन्यात झेपेल तो आकडा हाताने लिहायचा. वर सांगितलेला वर्गाचा हिशेब इथे उलटा फळतो. वरच्या टोकाला थोडासा वेग सोडला की वीज भरपूर वाचते. माझ्या मशीनवर उतरंड परत लावली आणि ९५ वॅटची मर्यादा घातली, तेव्हा दोन अंकी नाटकाचं रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ काढणं, चहा थोडा जास्त रेंगाळत प्यावा एवढंच लांबलं, आणि पंख्याची घरघर एवढी उतरली की त्याच खोलीत मी स्पीकरवर तंबोऱ्याचा सूर ऐकू शकतो. आवाजाचं काम करणाऱ्याला हे दोन टक्क्यांपेक्षा मोठं.

हे सगळं भाच्याला पटत नाही. तो फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि त्याच्याकडे रायझन ५ ५६००एक्स आहे.

"मामा, तू बोर्डावर रागावतोस आणि हात चिपवर उगारतोस," तो म्हणाला. "मर्यादा घालून बसण्यापेक्षा व्होल्टेजच कमी कर ना. वेगही राहील, थंडही राहील."

त्याचं म्हणणं खोटं नाही. एएमडीकडे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह नावाचा प्रकार आहे. चिप मुळातच तापमान, विद्युतप्रवाह आणि वॅट बघून सेकंदाला कित्येकदा आपला वेग ठरवत असते; हा प्रकार फक्त तिच्या मर्यादा सैल करतो. ५६००एक्सच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असतात, सॉकेटातून घ्यायची मुभा ७६ वॅटची. ती वाढवता येते, वेगाची कमाल २०० मेगाहर्ट्झपर्यंत वर नेता येते. कोणी विचारलंच तर: हे एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून चालू केलं तरी त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. ही ओळ बारीक अक्षरांत असते आणि भाच्याने ती वाचलेली आहे, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पण त्याला गोडी आहे ती कर्व्ह ऑप्टिमायझरची. २०२० च्या रायझन ५००० पिढीबरोबर आलेली ही सोय मला या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत सभ्य वाटते. प्रत्येक कोअरचा वेग-व्होल्टेजचा तक्ता असतो; तो तुम्ही पायरीपायरीने खाली सरकवू शकता, उणे ३० पर्यंत, कोअरगणिक वेगळा. एक पायरी म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते, उष्णता उतरली की चिपला स्वतःहून वर चढायला वाव मिळतो. जास्त न देता जास्त मिळतं. उकाड्याच्या मुलखासाठीच कोणीतरी बनवल्यासारखं.

त्याने वही केली आहे. खरोखरची, चौकटी आखलेली, एका पानावर एक कोअर. शून्य आणि तीन नंबरचे कोअर चिपने स्वतःच सर्वोत्तम म्हणून निवडलेले, म्हणजे ते आधीच कमीत कमी व्होल्टेजवर चालतात. त्यांना उणे १० च्या खाली नेलं की कोसळतात. उरलेल्यांतले बहुतेक उणे ३० लाही हूं की चूं करत नाहीत. बोर्डाच्या ऑटोने सगळ्यांना एकच आकडा लावला होता, आणि तो त्या दोन शहाण्या कोअरना जाचत होता. पाच नंबरच्या पानावर त्याने पेन्सिलीने 'उणे २८, बघू' असं लिहून ठेवलंय. हे बघून मी त्याला उपदेश करणं सोडलं.

त्याची अडचण वेगळीच निघाली. रात्रभर सिनेबेंच आणि प्राइम९५ लावलं तर मशीन ठणठणीत. सकाळी नुसतं डेस्कटॉप उघडं ठेवून आंघोळीला गेला, परत आला तर रीस्टार्ट झालेलं. पूर्ण भारावर वेग आणि व्होल्टेज दोन्ही मधल्या पट्ट्यात स्थिर असतात, तिथे तक्ता खाली सरकवलेला चालून जातो. धोका असतो तो हलक्या कामात: एकच कोअर क्षणभर जागा होतो, एकदम कमाल वेगावर उडी मारतो, आणि नेमकं तिथे व्होल्टेज तोकडं पडतं. किंवा सगळे झोपेत असताना ते तळाशी जातं आणि उठता उठता ठेचकाळतं. भार टाकून तपासणाऱ्या चाचण्यांना हे सापडत नाही. एकेका कोअरवर थोडा भार टाकून काढून घेणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लोकांनी लिहिल्या आहेत, त्या लावाव्या लागतात, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मशीन चालू ठेवून त्यावर काहीएक न करणं, तासनतास.

चवथीला सगळे आमच्याकडे जमलो होतो. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झाली होती, आणि हा लॅपटॉपवरून घरच्या मशीनकडे डोळा ठेवून बसलेला. बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, विचारलं, काय चाललंय? त्याने कधी नव्हे ते सविस्तर समजावून सांगितलं: कोअर, तक्ता, झोपेतून उठताना ठेचकाळणं, सगळं. तिने नारळ खवणं न थांबवता पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे काही न करता नुसतं बसून राहायचं, ही परीक्षा?" ती म्हणाली. "ती तर तू बारावीपासून देतोयस."